टाकून येणे

काचेच्या खोलीत बसून मी दिवसभर ‘मी’ म्हणते
आणि त्यातला एकही मी माझा नसतो.
मंत्री उठतात : मी हे विधेयक मांडतो.
त्यांच्यामागून माझा बायकी आवाज : मी हे विधेयक मांडतो.
गॅलरीतल्या म्हाताऱ्यांच्या कानात तेवढाच मी पोचतो.

इकालुइतची विधानसभा गोल आहे.
बाकांवर सीलचं कातडं, मध्ये नारव्हालच्या सुळ्याचा राजदंड.
पक्ष नाहीत. भांडायला
मामा-मेहुणे पुरतात.
पहिलं वाचन, दुसरं वाचन, मग समिती,
समितीत चहा, चहात बुडवून मऊ केलेली कलमं.
तिसऱ्या वाचनाला दुपारचे सव्वातीन झाले होते,
बाहेर काळोख.
‘शिकारीचं मांस जो वाया घालवील, त्याला दंड.’
वाया घालवील...
मला त्या क्षणी शब्द सुचेना.
सभापतींनी पान उलटलं होतं,
हाताशी आला तो मी उचलला : टाकून येईल.
कुणी हरकत घेतली नाही.
हात वर झाले. मंजूर.
आयुक्तांची सही झाली, राजपत्र छापलं,
आणि माझी घाई कायदा झाली.

फेब्रुवारीत कोर्ट विमानातून उतरलं :
न्यायाधीश हॅलिडे, सरकारी वकील, बचावाचे ब्रॉसार,
टंकलेखिका, मी, आणि गोठलेली सँडविचेस.
शाळेच्या व्यायामशाळेत बास्केटबॉलच्या कड्याखाली
टेबल मांडलं. काळा झगा पिशवीतून निघाला,
चुरगळलेला, तरी सगळे उभे राहिले.

पुटुलिक, वय एकोणीस.
गावापासून दोन दिवसांवर कॅरिबू मारला,
वादळ आलं, स्नोमोबाइलचा पट्टा तुटला.
पाठीवर मावेल तेवढं मांस घेऊन तो चालत आला.
उरलेलं लांडग्यांनी नेलं.

सरकारी वकिलांनी इंग्रजीत विचारलं : मांस वाया घालवलंस?
मी माझा कायद्यातला शब्द वापरला : टाकून आलास?
तो म्हणाला, हो. टाकून आलो.
खरं बोलायला त्याला क्षणही लागला नाही.

आता त्याचा मी माझ्या तोंडात होता.
इंग्रजीत मला एवढंच म्हणायचं होतं :
हो, मी वाया घालवलं.
टंकलेखिकेची बोटं वाट पाहत होती.
कड्याची जाळी हीटरच्या वाऱ्याने हलत होती.

मी हात वर केला. दुभाष्याने असा हात करायचा नसतो.
म्हटलं, महोदय, तो शब्द याचा नाही.
माझा आहे. त्या गोल सभागृहात मी तो दिला,
दमले होते.
टाकून देणं वेगळं, टाकून येणं वेगळं.
हा टाकून आला. टाकून दिलं नाही याने.

न्यायाधीशांनी चष्मा काढला, पुसला, घातला.
मग टंकलेखिकेला सांगितलं : नोंद घ्या,
दुभाषी स्वतःच्या वतीने बोलत आहे.

बाजूला बसलेल्या वडीलधाऱ्या नौलाक
तेवढ्यात हळूच म्हणाल्या,
लांडग्यांनी तर काही वाया घालवलं नाही.
याचं भाषांतर करायला मला कुणी सांगितलं नाही. मी केलं.

खटला मे महिन्यावर गेला.
कलमाबद्दल एक पत्र न्यायखात्याकडे निघेल,
खातं सभागृहाला कळवील, दुरुस्ती येईल,
पहिलं वाचन, दुसरं वाचन, चहा...
तोवर पुटुलिक गुन्हेगार नाही, निर्दोषही नाही.
त्यानेच आमच्या बॅगा स्लेजवर चढवल्या.
कोर्टाच्या झग्याची पिशवी त्याने सगळ्यांत वर ठेवली,
दोरी दोनदा आवळली.

विमानाच्या शिडीपाशी त्याची आई आली.
प्लास्टिकच्या पिशवीत दगडासारखं मांस,
पाठीवरून आणलेल्यातलं.
काही बोलली नाही. माझ्या पायाशी ठेवून चालू लागली.

घेता येत नाही, मी कोर्टाची.
पायलट हात हलवतोय, बर्फ उडतंय.
टाकूनही येता येत नाही.